दुर्बिणीची पावती

परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज लिहिताना कारणाच्या रकान्यात मी 'पक्षिनिरीक्षण' लिहिलं होतं. लिपिकांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बाई, हे पुढे चालायचं नाही. वरून शेरा येईल. 'पर्यटन' लिहा." मी तिथेच उभ्या उभ्या दुसरा अर्ज लिहिला. ही गोष्ट 17 मार्च 2025 ची. परवानगीचं पत्र हातात पडलं 2 सप्टेंबरला. मधल्या साडेपाच महिन्यांत आणि त्यानंतरच्या प्रवासात काय काय झालं ते लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत काही सापडलं नव्हतं. जॉर्डन म्हटलं की पेट्रा या डोंगरात कोरलेल्या प्राचीन शहराबद्दल ढिगाने मिळतं. मला जायचं होतं अझरकला.

अरबीत 'अझरक' म्हणजे निळा. राजधानी अम्मानच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, वाळवंटाच्या मधोमध हे मरुद्यान आहे. आफ्रिका आणि युरोप-आशिया यांच्यात ये-जा करणारे पक्षी इथे उतरतात, कारण आजूबाजूला दुसरं पाणीच नाही. मी नाशिक जिल्ह्यातली शिक्षिका. माझे बहुतेक रविवार नांदूरमध्यमेश्वरला, चापडगावच्या बाजूला जातात. आमची ही पाणथळ तयार झाली ती गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधारा घातल्यामुळे. माणसाने पाणी अडवलं, गाळ साठला, पक्षी आले. अझरकला याच्या नेमकं उलट घडलं. तिथे 2 फेब्रुवारी 1967 या एका दिवशी 3,47,000 पक्षी मोजले गेले होते. 2 फेब्रुवारी 2000 ला मोजले तेव्हा 1,200. हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहून ठेवले आणि ती जागा डोक्यातून जाईना.

आता कागदपत्रं. पासपोर्ट मला मुळात नव्हताच. सरकारी पगार असणाऱ्यांसाठी सांगते: पासपोर्टला ना-हरकत प्रमाणपत्रच लागतं असं नाही. 'मी अर्ज करतेय' असं कार्यालयाला कळवणारं पूर्वसूचना पत्र देऊन पोच घेतली की काम होतं, नमुना पासपोर्टच्या संकेतस्थळावर आहे. फी 1,500 रुपये. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले, सासूबाईंनी चहा दिला आणि विचारलं, "हिला कशाला बोलावलंय तिकडे?" हवालदार माझ्याकडे बघायला लागले. पासपोर्ट मात्र तीन आठवड्यांत आला.

रखडली ती परदेशगमनाची परवानगी. अर्जाला काय जोडावं लागलं: प्रवासाच्या तारखा, रजेचा अर्ज (सुट्टीतच जाणार असलात तरी), खर्चाचं अंदाजपत्रक, पैसे कुठून आणणार त्याचं स्वयंघोषणापत्र, 'चौकशी प्रलंबित नाही' असा दाखला. जूनमध्ये फाइल सापडेना. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहिण्यात अर्थही नाही, सगळीकडे तेच आहे. माझ्याकडे प्रत्येक पानाची छायाप्रत आणि आवक क्रमांक होता म्हणून पुन्हा सगळं सादर करायला एक दिवस पुरला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका, एवढंच सांगेन.

तारखांचा घोळ वेगळाच. पक्ष्यांसाठी मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम, पण शाळा सोडून जाता येत नाही. उरली दिवाळीची सुट्टी. 23 ऑक्टोबरला भाऊबीज झाली की 24 ला निघायचं आणि 31 ला परत. "फराळाचे डबे नेतेस का पक्ष्यांना?" असं धाकटा दीर म्हणाला. चकल्या नेल्या मी. पुढे कामाला आल्या.

परवानगी हातात आल्यावर 4 सप्टेंबरला विमानाचं तिकीट काढलं. आखातात विमान बदलून जाऊन-येऊन 38,400 रुपये. माझ्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते बँकेत जाऊन सुरू करून घेतले. तरी एका पाहुणघराने कार्ड घेतलंच नाही, मग मुलीने तिच्या कार्डावरून भरले. भारतीय पासपोर्टवर जॉर्डनचा व्हिसा विमानतळावर मिळतो, 40 दिनार, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाच हजारांना थोडे कमी. सगळे सांगतात की 'जॉर्डन पास' घ्या, त्यात व्हिसाची फी माफ होते. खरं आहे, पण सगळ्यात स्वस्त पास 70 दिनारांचा आणि त्यातला मोठा भाग पेट्राच्या तिकिटाचा. पेट्राला जाणार नसाल तर पास महागात पडतो. जॉर्डनला जाऊन पेट्रा न बघणारी बाई म्हणून माझ्याकडे तिथल्या टॅक्सीवाल्यांनीही संशयाने पाहिलं, ते सोडून द्या. पाणथळीचं तिकीट तसंही पासात येत नाही.

आता दुर्बिणीचं. जॉर्डनमध्ये दुर्बीण नेताना अडवतात, आधी लेखी परवानगी घेतलेली बरी, हे मी पक्षिनिरीक्षकांच्या दोन-तीन प्रवासवृत्तांतांत वाचलं होतं. वाचून सोडून दिलं. आठ बाय बत्तीसची एवढीशी दुर्बीण, तिला कोण विचारतंय? शिवाय साडेपाच महिने परवानगीच्या मागे पळून झाल्यावर आणखी एक अर्ज करायचं माझ्या जिवावर आलं होतं. चूक माझीच.

25 ऑक्टोबरला दुपारी अम्मानला उतरले. व्हिसाच्या खिडकीवर दहा मिनिटं. सामान यंत्रातून गेलं आणि पिशवी बाजूला घेतली गेली. दुर्बीण टेबलावर. मी पक्ष्यांचं पुस्तक दाखवलं, मोबाइलवर रातबगळ्याचा फोटो दाखवला, दोन्ही हात हलवून पंख करून दाखवले. टेबलामागचे गृहस्थ हसले, शेजारच्यालाही बोलावून आणलं, त्यानेही पुस्तक चाळलं. पण कागद आहे का? नाही. मग एक अर्ज, अरबीत, माझी सही, आणि कार्बनची गुलाबी पावती. परत जाताना पावती दाखवून घेऊन जा. उद्धट कोणी बोललं नाही, उलट बसायला खुर्ची दिली. पन्नास मिनिटं गेली. बाहेर आले तेव्हा गळ्यात दुर्बीण नसल्याने मान हलकी वाटत होती आणि रडू येत होतं. सहा महिन्यांची खटपट करून पक्षी बघायला आले आणि डोळेच जमा करून ठेवले.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू लहानपणी पक्षी बघायला लागलीस तेव्हा कुठे होती दुर्बीण?" तिला काय जातंय बोलायला.

26 तारखेला रविवार, म्हणजे तिथे कामाचा दिवस. शुक्रवार-शनिवार त्यांची सुट्टी, त्या दिवशी बस कमी असतात हे लक्षात ठेवा. अम्मानहून अझरकला जायचं तर आधी झरका शहर गाठायचं आणि तिथून छोटी बस. बस कसली, वडापच ते. भरल्याशिवाय हलत नाही. सव्वा तास बसून राहिले. बाजूच्या आजींना चकली दिली, त्यांनी मला खजूर दिले, आणि तुकड्यातुकड्याने गप्पा झाल्या, कारण शब्द ओळखीचे निघत होते: हवा, दुनिया, हिशेब, साबण. मी पुस्तकातला हुदहुद दाखवला. आजी म्हणाल्या, "हुदहुद!" मी म्हणाले, "हुदहुद!" पुढच्या सीटवरचा मुलगा मागे वळून बघायला लागला. आपला हुदहुद आणि त्यांचा हुदहुद, उच्चारासकट तोच. त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

अझरक हे ट्रकवाल्यांचं गाव आहे. इथून एक रस्ता इराककडे फुटतो, दुसरा सौदीकडे. दोन्ही बाजूंना टायरची दुकानं, कबाब, काळा धूर. गावाचे दोन भाग. उत्तरेकडे द्रुझ पंथाच्या लोकांची वस्ती, दक्षिणेकडे 'शिशान', म्हणजे चेचेन लोकांची. शंभरेक वर्षांपूर्वी कॉकेशसमधून आलेली ही माणसं इथे पाण्यासाठी राहिली. हिरवं काही शोधू नका, कमानीवर पाटी दिसेपर्यंत आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो असंच वाटतं. पाहुणघर 25 दिनार रात्रीला, खोली स्वच्छ. निसर्ग-संवर्धन संस्थेचं विश्रामगृहही आहे, 1940 च्या दशकातल्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत. तिथे एकदा रात्री जेवले फक्त. मसुराचं सूप, वांग्याचं भरीत (तिळाच्या कुटातलं), रोटी. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही.

त्या संध्याकाळी किल्ला पाहिला. काळ्या बेसॉल्टचा, आणि दार सुद्धा दगडाचंच, अखंड शिळेचं, बिजागरीवर फिरणारं. 1917 च्या हिवाळ्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध झालेला ब्रिटिश अधिकारी लॉरेन्स इथे राहिला होता, त्याची खोली दाखवतात. मला मात्र दगडच ओळखीचा वाटला. सिन्नरच्या गोंदेश्वराला हात लावल्यासारखा. उत्तरेकडे सगळं वाळवंटच या काळ्या दगडांचं आहे आणि त्यात राहणारा रणगोजा नावाचा एक छोटा पक्षी तसाच काळा आहे. तो शोधायला तासभर फिरले. दुर्बीण असती तरी सापडला असता की नाही कोण जाणे.

27 ला पाणथळ. फाटक उघडतं तेव्हा ऊन चढलेलं असतं, पक्षी बघणाऱ्याला ही वेळ बोचते. आदल्या दिवशी चौकशी केली असती तर पहाटे आत सोडण्याबद्दल बोलता आलं असतं, असं तिथल्या मार्गदर्शकाने नंतर सांगितलं. तुम्ही आधी विचारा.

आत शिरल्यावर माहिती केंद्र. इथे अर्धा तास द्याच, नाहीतर बाहेर जे दिसतं त्याचा अर्थ लागत नाही. या पाणथळीला 1977 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, पुढच्या वर्षी 12 चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र झालं. म्हणजे कागद सगळे वेळेवर झाले होते. पाणी येत होतं ते जमिनीखालून. पाऊस पडायचा सीरियातल्या जबल-अल-द्रुझच्या डोंगरावर, दगडांमधून झिरपत झिरपत इथे झऱ्यांच्या रूपाने वर यायचा. अम्मान वाढलं, शहराला पाणी हवं होतं, विहिरी खोदून ते नळाने नेलं. शेतकऱ्यांनी आपापल्या विहिरी खोदल्या. 1992 ला शेवटचे झरेही आटले. नंतर बाहेरून पाणी आणून सोडायला सुरुवात झाली आणि मूळ पाणथळीचा एक दशांश भाग पुन्हा ओला करायचं ठरलं. आज आपण बघतो ती पाणथळ म्हणजे हा दहावा हिस्सा, आणि तोही पूर्ण नाही. शेजारी टाकीतून अम्मानकडे पाणी जातं आणि थोडं परत इकडे सोडलं जातं. आमच्या भागातल्या द्राक्षबागांच्या बोअरवेलची खोली मला आठवली. माझ्या भावाची या वर्षीची 480 फूट आहे.

मार्गदर्शक पन्नाशीचा, कमी बोलणारा. माझ्या गळ्याकडे बघून त्याने विचारलं, "दुर्बीण?" मी गुलाबी पावती दाखवली. तो मान हलवून हसला, त्याला नवीन नव्हतं ते. मग त्याने मला काही सांगायच्या आधी एका काचेच्या टाकीपाशी नेलं. आत बोटभर मासे. अझरक किलिफिश. नराच्या अंगावर उभे काळे-चंदेरी पट्टे, मादीवर ठिपके. जगात फक्त इथेच सापडतो. झरे आटले तेव्हा हा मासा संपल्यातच जमा होता, थोडे उरलेले सापडले, ते वाढवले, पुन्हा डबक्यांत सोडले. मी टाकीजवळ नाक नेलं तर एक नर काचेपर्यंत आला, तोंड उघडून बंद केलं, आणि शेपटीच्या एका झटक्यात मागे वळला. याला दुर्बीण लागत नव्हती.

पायवाट दीडेक किलोमीटरची. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेले बोरू, मध्ये लाकडी फळ्यांचा रस्ता. पहिली काही मिनिटं फक्त सुकलेली जमीन, मिठाचे पांढरे पापुद्रे आणि दूर महामार्गावरच्या ट्रकांची घरघर. मग एकदम ओला वास आला. चापडगावला पहाटे येतो तोच, शेवाळ्याचा आणि कुजलेल्या बोरूचा. आणि समोर म्हशी! पाण्यातल्या म्हशी, शिंगांपर्यंत चिखलात. बोरू फार माजू नयेत म्हणून चरायला ठेवल्यात. एवढे दिनार मोजून मी निफाड तालुक्यातून म्हशी बघायला आले होते तर. मार्गदर्शकाला म्हटलं, "आमच्याकडे घरोघर आहेत." त्याने विचारलं, "दूध देतात?" मग दहा मिनिटं आम्ही फॅटवर बोललो.

एका ठिकाणी पाण्याकाठी बेसॉल्टची जुनी भिंत आहे, उमय्या खलिफांच्या काळातली, बाराशे वर्षांहून जुनी. तेव्हाच्या लोकांनी पाणी अडवायला बांधलेली. तिच्यावर एक हुदहुद बसला होता. आमच्याकडे बघून तुरा उघडला, मिटला, आणि पुन्हा भिंतीच्या फटीत चोच घालायला लागला. मला बसमधल्या आजी आठवल्या.

निरीक्षण-कुटी मातीच्या विटांची, आत गार. समोर पाण्याचा तुकडा आपल्या शाळेच्या मैदानाएवढा असेल. दोन टिबुकल्या, पाणकोंबड्या, लांब काठावर काहीतरी तपकिरी, ते दुर्बिणीशिवाय तपकिरीच राहिलं. पहिला अर्धा तास मी चिडूनच बसले होते. लांबचं ओळखायची सवय लागलेली असते, आणि ते जमत नाही म्हटल्यावर आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं.

मग जवळचं दिसायला लागलं. खिडकीखालच्या चिखलात, चार-पाच हातांवर, शंकर नावाचा छोटा पक्षी आला. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरलाही येतो हा, पण तिथे मी त्याला नेहमी दुर्बिणीच्या गोलात बघितलेलं, गळ्याची निळी-तांबडी पट्टी ओळखली की वहीत नोंद, पुढचा पक्षी. इथे तो चालत होता. तीन पावलं धावायचा, थांबायचा, शेपटी वर उचलायचा, बुडाशी तांबडा रंग चमकून जायचा. एक किडा चिखलातून ओढताना मागे रेलला. पायांचे ठसे उमटत होते, आणि त्यात हळूहळू पाणी भरत होतं. अकरा मिनिटं होता तो. घड्याळ बघितलं म्हणून माहीत.

मध्येच सगळं चिडीचूप झालं. बोरूंवरून दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आला, पंख उंचावून, खालच्या खाली तरंगत. मार्गदर्शकाने काही न बोलता गळ्यातली त्याची दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. जुनी होती, एका बाजूच्या भिंगावर बुरशी. तेवढ्या एका डोळ्याने मी भोवत्याचं पिवळट डोकं बघितलं. मग दुर्बीण लांबच्या काठावर फिरवली. ते तपकिरी म्हणजे दोन पाणलावे होते.

28 ला पुन्हा गेले, दिवसभर. मार्गदर्शकासाठी राहिलेल्या सगळ्या चकल्या नेल्या. त्याने लहानपणच्या आठवणी सांगितल्या. बदकं उठली की आवाज गावात घरात ऐकू यायचा म्हणे, पोरं पोहायला जिथे उडी मारायची तिथे आज पार्किंग आहे. 1992 नंतरची काही वर्षं तो इकडे फिरकलाच नाही. हे सांगताना तो पाण्याकडे नव्हता बघत, चकलीचे तुकडे करत होता. दोन दिवसांत मिळून माझ्या यादीत 26 जाती झाल्या. त्यातल्या चार त्याच्या दुर्बिणीवर आहेत, तसं वहीत लिहिलंय.

29 ला टॅक्सी करून वाटेत कुसैर अम्रा हा वाळवंटातला जुना छोटा महाल बघत अम्मानला परतले. तिथल्या भिंतींवर तेराशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, जरूर थांबा. सगळा खर्च धरून 75,000 रुपयांच्या आसपास गेले. त्यात विमानानंतर सर्वांत मोठा आकडा राहण्याचा. दोघी-तिघी मिळून गेलात तर टॅक्सी आणि खोली, दोन्ही निम्म्यावर येतात.

30 तारखेला विमानतळावर चार तास आधी पोहोचले, ते बरं झालं. पावती घेऊन तीन टेबलं फिरले. तिसऱ्या टेबलावर एका कपाटातून खाकी पाकीट निघालं, त्यावर माझं नाव अरबीत. दुर्बिणीची झाकणंसुद्धा जागेवर होती. सही केली, गुलाबी पावती त्यांनी ठेवून घेतली. मला तिचा फोटो काढायचा राहून गेला. तुम्ही जाणार असाल तर परवानगीसाठी किमान दोन महिने आधी पत्रव्यवहार सुरू करा, दुर्बिणीचं मॉडेल आणि क्रमांक लिहून, आणि उत्तराची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. ड्रोन तर नेऊच नका.

शाळा उघडल्यावर रुजू अहवाल आणि पासपोर्टच्या शिक्के असलेल्या पानांच्या प्रती द्यायला कार्यालयात गेले. तेच लिपिक होते. कागद बघता बघता त्यांनी विचारलं, "किती दिसले मग, बाई?"

"सव्वीस."

"हजार?"

"नाही हो. जाती."

त्यांनी आवक शिक्का मारला. "एवढ्या तर आपल्या चापडगावला एका सकाळी दिसतात."

"दिसतात," मी म्हटलं आणि आवक क्रमांक मागून घेतला.